मानवी हक्कांची तपासणी कोणाच्या हाती?

युरोपीय संघाने २०२४ मध्ये एक निर्देश संमत केला. आपल्या कारभारामुळे आणि आपल्या पुरवठा साखळीमुळे माणसांच्या हक्कांवर काय परिणाम होतो हे मोठ्या कंपन्यांनी शोधावे, तो टाळावा आणि टळला नाही तर त्याची भरपाई करावी, असे बंधन त्यातून येणार होते. वर्ष पुरे व्हायच्या आत, एप्रिल २०२५ मध्ये, त्याची अंमलबजावणी एक वर्षाने पुढे ढकलली गेली. व्याप्ती कमी करण्याची खटपटही सुरूच होती. त्या निमित्ताने उद्योग संघटना, स्वयंसेवी संस्था, वकील आणि सल्लागार यांच्यात जो वाद पेटला, तो चुकीच्या जागी अडकलेला आहे. एक बाजू किती तास गेले, किती फॉर्म भरावे लागले आणि किती खर्च आला याचा हिशेब मांडते. दुसरी बाजू किती कंपन्यांनी अशा परिणामांचे मूल्यांकन केले, किती देशांत केले आणि त्यातले किती प्रसिद्ध झाले याचा. दोघींच्याही लेखी मूल्यांकन म्हणजे एक अहवाल. तो ओझे आहे की उपाय, एवढ्यापुरताच त्यांचा मतभेद.

माझी भूमिका सुरुवातीलाच मांडलेली बरी. व्यवसायाचे मानवी हक्कांवर होणारे परिणाम तपासण्याचे बंधन कायद्याने असावे, याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या मूल्यांकनाची व्याप्ती कंपनी ठरवते, ज्याचे पैसे कंपनी देते, ज्याचे निष्कर्ष कंपनीच्या कपाटात राहतात आणि ज्यामुळे कंपनीचा एकही निर्णय अडत नाही, ते निरुपयोगी तर असतेच, शिवाय घातकही असते. कारण धोका होता तसाच ठेवून ते त्याच्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारून जाते. तेव्हा मूल्यांकन किती करायचे, याच्या आधी ते कोणाच्या मालकीचे असावे, हा प्रश्न सोडवायला हवा. ज्यांच्या हक्काला धोका आहे त्यांना प्रश्न विचारायला लावता येतो का, उत्तर वाचता येते का आणि गरज पडली तर काम थांबवता येते का, यावर त्या साऱ्या खटाटोपाची किंमत ठरते.

ढाक्याजवळच्या साभार येथील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. या घटनेचा उल्लेख या विषयावरच्या प्रत्येक भाषणात होतो, पण तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील बहुधा सांगायचा राहून जातो. आदल्या दिवशी इमारतीला पडलेले तडे सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले, आणि न आल्यास पगार कापण्याची धमकी देण्यात आली. बँकेचे कर्मचारी आणि शिलाई कामगार यांच्यापाशी असलेल्या माहितीत त्या सकाळी तीळमात्र फरक नव्हता. फरक होता तो आत न जाण्याच्या अधिकारात. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, पूर्वी झालेले होते. इमारतीची मजबुती हा विषय आमच्या कक्षेत येत नव्हता, असे तपासणाऱ्यांनी नंतर सांगितले. ते खोटे नसावे. पण ही कक्षा आखली कोणी? रोज तिथे शिरणाऱ्या कामगाराला कोणी विचारले असते, तर त्याने बालमजुरीच्या नोंदवहीआधी भिंतीकडे बोट दाखवले असते.

हे उदाहरण एकटे नाही. कराचीतील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार दगावले. त्याच्या काही आठवडे आधीच कामगारांच्या परिस्थितीविषयीचे एक नावाजलेले आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्या कारखान्याला मिळाले होते. ती आग लावण्यात आली होती, असा निकाल पुढे २०२० मध्ये न्यायालयाने दिला, हेही सांगितले पाहिजे. परंतु खिडक्यांना गज आणि दारांना कुलुपे नसती तर आग लावणाऱ्याला एवढे बळी मिळाले नसते, आणि गज व कुलुपे तर प्रमाणपत्र देतानाही दिसण्याजोगी होती. ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथे ‘व्हाले’ या खाण कंपनीचे गाळ साठवणारे धरण २५ जानेवारी २०१९ रोजी फुटले आणि सुमारे २७० माणसे गाडली गेली. ते धरण स्थिर असल्याचा दाखला काही महिन्यांपूर्वीच एका नामवंत जर्मन तपासणी संस्थेच्या ब्राझीलमधील शाखेने दिलेला होता. शाखेला ते काम आणि त्या कामाचे पैसे खाण कंपनीच देत होती. एकूण पाहता, तपासणी झाली नाही म्हणून माणसे मेली असे या तिन्ही ठिकाणी म्हणता येत नाही.

आता विरोधकांचे म्हणणे. ते पुष्कळदा स्वार्थातून येते, पण म्हणून ते खोटे ठरत नाही. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा की ही ओझी शेवटी सर्वांत दुबळ्याच्या डोक्यावर येऊन पडतात. बड्या कंपनीवर बंधन आले की ती आपल्या पुरवठादाराकडे शंभर प्रश्नांची प्रश्नावली धाडते, तो ती आपल्या कंत्राटदाराकडे ढकलतो, आणि टोकाचा लहान उत्पादक दहा खरेदीदारांच्या दहा वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरत बसतो. भाव मात्र त्याला एका पैशाने वाढवून मिळत नाही. दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. धोका दिसला की कंपनी तो दूर करत नाही, स्वतःच तिथून दूर होते. अमेरिकेने २०१० मध्ये वित्तीय सुधारणांच्या कायद्यात काँगो आणि शेजारच्या देशांतील संघर्षग्रस्त भागातून येणाऱ्या खनिजांबद्दल खुलासा करण्याचे कलम घातले. त्यामागचा हेतू चांगला होता. पण अनेक खरेदीदारांनी तिथून माल घेणेच थांबवले, काँगोच्या अध्यक्षांनीही काही महिने पूर्वेकडील प्रांतांत खाणकामावर बंदी घातली, आणि हाताने खनिज खणून पोट भरणाऱ्यांची मिळकत गेली. त्यांच्या हक्कांचे रक्षण करण्याच्या नावाखाली त्यांचाच घास काढला गेला, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही.

मी हे दोन्ही मुद्दे मान्य करतो. मात्र त्यांतून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. पुरवठादाराकडे पाठवलेली प्रश्नावली म्हणजे मूल्यांकन, असे कोणत्या तत्त्वात लिहिले आहे? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने स्वीकारलेली व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वे या साऱ्या चर्चेचा पाया आहेत. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी सहा वर्षे जगभर सल्लामसलत करून ती घडवली. त्यांतले अठरावे तत्त्व सांगते की कंपनीने आपल्या स्वतःच्या कामामुळे आणि आपल्या व्यावसायिक संबंधांमुळे होणारे परिणाम ओळखावेत आणि त्यासाठी बाधित होऊ शकणाऱ्या गटांशी अर्थपूर्ण विचारविनिमय करावा. यातला ‘स्वतःच्या कामामुळे’ हा भाग प्रत्यक्षात गळून पडतो. तपासणारा पुरवठादाराच्या दारी जातो. खरेदीदाराच्या टेबलापाशी कोणी जात नाही. वास्तविक जादा तास, थकलेले वेतन आणि अर्धवट दुरुस्त्या यांची मुळे पुष्कळदा त्याच टेबलावर सापडतात. भाव पाडून मागितला जातो, मुदत अर्धी केली जाते, शेवटच्या आठवड्यात रंग बदलायला सांगितले जाते, आणि मग कारखान्यात कामगार रात्रभर का बसवले, असा जाब कारखान्याला विचारला जातो.

मार्च २०२० मध्ये हे उघड्यावर आले. महासाथीमुळे दुकाने बंद होताच अनेक मोठ्या ब्रँडांनी शिवून तयार असलेल्या किंवा अर्धवट शिवलेल्या मालाच्या मागण्या रद्द केल्या, पैसे अडवून धरले, आणि बांगलादेशसारख्या देशांत लाखो कामगारांचा पगार एका ईमेलसरशी लटकला. त्यांतल्या कित्येक ब्रँडांकडे मानवी हक्कांची धोरणे होती, पुरवठादारांसाठी आचारसंहिता होत्या, वार्षिक अहवालांत हसऱ्या कामगारांची छायाचित्रे होती. मागणी रद्द करण्याआधी त्या निर्णयाचा हक्कांवर काय परिणाम होईल याचे मूल्यांकन त्यांपैकी किती जणांनी केले असेल? प्रश्नच चुकीचा वाटावा, इतकी ही कल्पना कंपन्यांच्या सवयीबाहेरची आहे. खरेदी विभाग आणि हक्क विभाग यांच्यामध्ये भिंत असते आणि निर्णय नेहमी खरेदी विभागाच्या बाजूला होतात. म्हणून ‘लहान उत्पादकावर ओझे पडते’ या तक्रारीचे उत्तर बंधन काढून टाकणे हे नाही. ते ओझे जिथे मुळात असायला हवे होते तिथे, म्हणजे भाव आणि मुदत ठरवणाऱ्याच्या माथी, परत नेणे हे आहे. काँगोबद्दलही तेच. खनिज कुठून आले हे सांगायला कायद्याने भाग पाडले, पण तिथून निघून जाण्याचा परिणाम तपासायला कोणालाही भाग पाडले नाही. काढता पाय घेणे हाही व्यवसायाचा निर्णय आहे, आणि त्याचेही मूल्यांकन व्हायला हवे.

कक्षा कोणी आखावी या प्रश्नाला एक जुना आणि बोलका इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून क्षमतेपेक्षा जास्त माल लादलेली जहाजे समुद्रात जात आणि खलाशांसह बुडत. मालकाला विम्याचे पैसे मिळत. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध आयुष्याची काही वर्षे घालवली आणि १८७६ मध्ये कायदा झाला: प्रत्येक जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवलेली असली पाहिजे, पाणी तिच्या वर येईल इतका माल भरता कामा नये. जहाजमालकांच्या हितसंबंधांनी त्या कायद्यात एक फट ठेवली. रेषा असली पाहिजे हे कायद्याने ठरवले, ती नेमकी कुठे असावी हे मालकावर सोडले. ही फट १८९० मध्ये बुजली, तेव्हा कुठे त्या रेषेला अर्थ आला. मधली चौदा वर्षे ब्रिटनमध्ये भाररेषेचा कायदा होता, जहाजांवर रेषा होत्या, नियम पाळल्याचे सांगता येत होते, आणि खलाशाच्या जिवाची हमी मात्र मालकाच्या मर्जीवर होती. आजच्या बहुतेक मूल्यांकनांची अवस्था १८७६ ते १८९० या काळातल्या रेषेसारखी आहे. कोणत्या देशाकडे पाहायचे, पुरवठा साखळीच्या कितव्या पायरीपर्यंत जायचे, कोणते हक्क ‘महत्त्वाचे’ मानायचे हे ठरवणारा आणि त्यांचे पालन केल्याचे जाहीर करणारा एकच असतो.

इथे एक खरी अडचण पुढे केली जाते आणि ती टाळता येणार नाही: हक्क मोजता येत नाहीत. प्रदूषण मोजता येते, अपघात मोजता येतात, पण संघटना करण्याचे स्वातंत्र्य, पूर्वजांच्या जागेशी असलेले नाते किंवा अपमान यांना एकक नाही. मग मूल्यांकन म्हणजे मतप्रदर्शनच झाले, असा आक्षेप असतो. आक्षेप अर्धा खरा आहे. त्याचे जे उत्तर सल्लागार संस्था देतात, म्हणजे प्रत्येक हक्काला गुण द्यायचे, रंगीत तक्ता करायचा आणि शेवटी सरासरी काढायची, ते आक्षेपापेक्षाही वाईट आहे. हक्कांची सरासरी निघत नाही. हजार लोकांना नोकरी मिळाली आणि चाळीस कुटुंबांची जमीन जबरदस्तीने गेली, तर बेरीज-वजाबाकी करून उरलेला आकडा जमेच्या बाजूला दिसेल. पण त्या चाळीस कुटुंबांच्या हक्काचा भंग त्याने पुसला जात नाही. पर्यावरणाच्या क्षेत्रात एका ठिकाणची तोडलेली झाडे दुसरीकडे लावून भरपाई करण्याची पद्धत रुळली आहे, आणि तीही वादग्रस्तच आहे. हक्कांच्या बाबतीत असा व्यवहार तत्त्वतःच बसत नाही. मार्गदर्शक तत्त्वांवरील भाष्यात हे स्पष्ट आहे: कंपनी हक्कांना पोषक अशी इतर कामे करू शकते, पण त्यामुळे हक्कांचा आदर न करण्याची भरपाई होत नाही. शाळा बांधून दिल्याने मारहाण करणारा सुरक्षारक्षक माफ होत नाही. परिणाम किती गंभीर आहे, किती जणांवर होतो आणि पुन्हा पूर्ववत करता येईल का, या तीन कसोट्या तिथे दिल्या आहेत. त्या वापरायला आकडे लागतीलच असे नाही. न्यायालये शतकानुशतके मोजमापाशिवाय हानीचा विचार करत आली आहेत.

पूर्ववत करता येईल का, ही कसोटी किती महत्त्वाची आहे हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुकान घळीच्या बाबतीत दिसले. मे २०२० मध्ये ‘रिओ टिंटो’ने लोहखनिजासाठी तिथल्या प्राचीन शैलाश्रयांचा स्फोटाने विध्वंस केला. माणसाच्या वावराच्या सुमारे ४६,००० वर्षे जुन्या खुणा तिथे होत्या आणि ती जागा पुतू कुंती कुर्रामा व पिनिकुरा या आदिवासी समाजांसाठी पवित्र होती. कंपनीने बेकायदा काही केले नव्हते. राज्याची परवानगी २०१३ मध्येच मिळाली होती. पुढच्याच वर्षी झालेल्या उत्खननातून त्या जागेचे असाधारण महत्त्व समोर आले, पण परवानगीचा फेरविचार करण्याची सोय कायद्यात नव्हती आणि कंपनीच्या आत ती माहिती निर्णयाच्या टेबलापर्यंत जाण्याआधीच विरून गेली. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना नंतर पद सोडावे लागले. माहितीचा तुटवडा इथेही नव्हता. नवे ज्ञान आले की जुना निर्णय आपोआप स्थगित व्हावा, अशी तरतूद कुठेच नव्हती.

मग असे मूल्यांकन प्रत्यक्षात होऊ शकते का, की हे सगळे कागदावरचे आदर्श आहेत? या प्रश्नावर विरोधक आणि निराश झालेले कार्यकर्ते यांचे विलक्षण एकमत असते: होत नाही. दोघांनीही १९७४ ते १९७७ मधली कॅनडातील बर्जर चौकशी पाहावी. आर्क्टिकमधला नैसर्गिक वायू मॅकेंझी खोऱ्यातून दक्षिणेकडे नेणाऱ्या प्रचंड नळमार्गाचा प्रस्ताव होता. त्याचे परिणाम तपासण्याचे काम सरकारने थॉमस बर्जर या न्यायाधीशाकडे दिले. बर्जर यांनी केवळ राजधानीत बसून तज्ज्ञांची निवेदने मागवली नाहीत. ते ३५ वस्त्यांमध्ये गेले आणि तिथल्या लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेनुसार, हवे तितके बोलू दिले. सुमारे हजार जणांनी साक्ष दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपन्यांच्या वकिलांसमोर उभे राहता यावे म्हणून आदिवासी आणि पर्यावरणवादी संघटनांना स्वतःचे तज्ज्ञ व वकील नेमायला सार्वजनिक निधीतून पैसे देण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की उत्तर युकॉनमधून नळमार्ग नेऊच नये, आणि मॅकेंझी खोऱ्यात आदिवासींचे जमिनीवरील दावे मिटेपर्यंत दहा वर्षे थांबावे. पन्नास वर्षांपूर्वी, ‘मानवी हक्क परिणाम मूल्यांकन’ हा शब्दप्रयोग कोणाच्या कानावरही पडला नव्हता त्या काळात, हे घडले.

हेच बर्जर पुढे ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्याबरोबर नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाच्या स्वतंत्र पुनरावलोकनात होते. जागतिक बँकेने स्वतः कर्ज दिलेल्या प्रकल्पाची अशी बाहेरून तपासणी करवून घेण्याची ती पहिलीच वेळ होती. जून १९९२ च्या त्यांच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्प सदोष असल्याचे सांगून बँकेने एक पाऊल मागे घ्यावे असे सुचवले, आणि मार्च १९९३ मध्ये बँकेच्या उरलेल्या कर्जाचा विषय संपला. धरण मात्र झाले; तपासणीच्या मर्यादांचीही हीच कहाणी आहे, कारण बँक थांबली तरी राज्यसंस्था थांबली नाही. तरीही या दोन्ही चौकशांमध्ये एक गोष्ट समान आहे. तपासणाऱ्याची नेमणूक प्रकल्प उभारणाऱ्याने केली नव्हती, त्याला निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मोकळीक होती आणि ‘करू नका’ हे उत्तर त्याच्यासाठी खरोखर उपलब्ध होते. आज सल्लागार संस्थांकडून होणाऱ्या मूल्यांकनांत ‘करू नका’ हे उत्तर किती वेळा आढळते? बहुतेकदा निष्कर्ष ‘धोके आहेत, पण योग्य व्यवस्थापनाने ते कमी करता येतील’ या एकाच वाक्याची रूपे असतात. पुढचे काम मिळवायचे असलेल्या संस्थेकडून दुसरी कसली अपेक्षा करणार?

एक वेगळा आक्षेप असा की न्यायाधीश नेमून वर्षानुवर्षे चालणाऱ्या चौकशा प्रत्येक कारखान्यासाठी शक्य नाहीत. खरे आहे. पण राणा प्लाझानंतर झालेला बांगलादेशातील आग आणि इमारत सुरक्षेचा करार हा रोजच्या, मोठ्या प्रमाणावरच्या कामाचा नमुना आहे. दोनशेहून अधिक ब्रँड आणि कामगार संघटना यांनी तो केला. तो स्वेच्छेचा नव्हता, एकदा सही केली की बंधनकारक होता. देखरेख समितीत ब्रँड आणि संघटना यांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने होते आणि अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे होते. सोळाशेहून अधिक कारखान्यांची अभियंत्यांनी तपासणी केली आणि अहवाल कारखान्यांच्या नावांसह जाहीर केले. पैसे ब्रँडांनी दिले, पण आपापल्या खरेदीच्या प्रमाणात एका सामायिक निधीत. त्यामुळे कोणता अभियंता कोणत्या कारखान्यात जाईल हे एकट्या ब्रँडला ठरवता येत नव्हते. धोकादायक इमारतीत शिरायला नकार देण्याचा कामगाराचा हक्क करारातच होता, आणि दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहिला तर त्या काळातील वेतनाची तरतूदही. दोन ब्रँडांविरुद्ध कामगार संघटनांनी हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात दावे नेले आणि ते तडजोडीने मिटले. या कराराने वेतनाचा प्रश्न सोडवला नाही, संघटना करण्याच्या स्वातंत्र्यापुढचे अडथळेही फारसे हटवले नाहीत. मात्र खर्च परवडत नाही, व्यवहार्य नाही, स्पर्धेत टिकता येणार नाही ही तिन्ही भाकिते त्याने खोटी ठरवली. बांगलादेशाची कपड्यांची निर्यात त्या वर्षांत वाढतच गेली.

बाधितांचा सहभाग म्हटला की एक सोयीस्कर गैरसमज तयार होतो: बैठक घ्या, सह्या घ्या, चहापाणी करा, झाला सहभाग. ग्वाटेमालामधील मार्लिन सोन्याच्या खाणीबद्दल ‘गोल्डकॉर्प’ कंपनीच्या काही भागधारकांच्या आग्रहामुळे २०१० मध्ये मानवी हक्कांचे मूल्यांकन प्रसिद्ध झाले. अहवाल म्हणून ते प्रामाणिक होते. नवी जमीन घेणे थांबवण्यासारख्या कडक शिफारशी त्यात होत्या. पण आपल्याला न विचारता, भागधारक आणि कॅनडातील कंपनी यांच्यात ठरलेल्या या उपक्रमात सामील व्हायला तिथल्या अनेक मायन संघटनांनी नकार दिला. शेजारच्या सिपाकापातील लोकांनी तर २००५ मध्येच आपले सार्वमत घेऊन खाणकाम नाकारले होते. आपले उत्तर आधीच दिलेल्या लोकांना पुन्हा प्रश्न विचारण्याच्या या पद्धतीला सहभाग म्हणायचे का? सहभागाला अर्थ येतो तो प्रश्नावली ठरण्याच्या आधी, आणि ‘नाही’ या उत्तराचा कंपनीच्या वेळापत्रकावर परिणाम होणार असेल तर. वेळ चुकली की प्रामाणिक मूल्यांकनही पंचनामा होऊन बसते. म्यानमारमध्ये २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना देश सोडावा लागला. आपल्या व्यासपीठाचा द्वेष पसरवण्यासाठी कसा वापर झाला याचे फेसबुकने करवून घेतलेले मूल्यांकन नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्या देशात शिरताना झाले असते, तर बर्मी भाषा समजणारी पुरेशी माणसे मजकूर तपासायला आहेत का, हा अगदी साधा प्रश्न पहिल्याच पानावर आला असता.

किती कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना हे बंधन लागू करायचे याबद्दल चाललेली घासाघीस मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो. फ्रान्सने २०१७ च्या कायद्यात देशात पाच हजार किंवा जगभरात दहा हजार कर्मचारी ही मर्यादा घातली. जर्मनीने २०२३ पासून तीन हजार आणि पुढच्या वर्षी एक हजार. प्रशासनाच्या सोयीसाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे समजू शकते. पण दोनशे माणसांची खाण कंपनी एका नदीचा नाश करू शकते आणि वीस हजार माणसांची विमा कंपनी कदाचित कोणाचेच पाणी तोडत नाही. धोका उद्योगाच्या स्वरूपात आणि जागेत असतो. हजेरीपटावर तो शोधणे ही आळशी माणसाची पद्धत झाली.

सर्वांत कठीण आक्षेप वकिलांचा आहे, आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजू टाळतात. कंपनी जितके प्रामाणिक मूल्यांकन करील तितका स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करील. ‘आम्हाला माहीत नव्हते’ हा बचाव हातचा जाईल. तेव्हा शहाणी कंपनी कमी विचारील आणि गुळमुळीत लिहील. हे घडते, यात शंका नाही. यावर उपाय म्हणून मूल्यांकन केले की दायित्वातून सूट द्या, अशी मागणी होते. ती मान्य केली तर आपण पुन्हा १८७६ च्या रेषेपाशी येऊ: रेषा रंगवा आणि सुटा. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतून आलेल्या पथकाने १९८२ मध्ये कारखान्याची सुरक्षा तपासणी करून गंभीर दोष नोंदवले होते. भिंतीपलीकडच्या वस्त्यांतील लोकांना त्याची कल्पना दिली गेली नाही, आणि १९८४ च्या डिसेंबरात त्या वस्त्यांचे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. तो अहवाल लिहिला गेला म्हणून कंपनीला सूट मिळायला हवी होती, असे कोणी म्हणेल का? उलट, कळले होते आणि केले नाही, ही स्थिती काहीच न कळलेल्या स्थितीहून अधिक दोषास्पद मानली गेली पाहिजे. ज्या कंपनीने धोका ओळखला, जाहीर केला, बाधितांशी बोलून ठरलेल्या मुदतीत उपाय केले आणि तरीही हानी झाली, तिच्या प्रयत्नांचा विचार न्यायालयाने दंड ठरवताना जरूर करावा. पण ‘माहीत नव्हते’ हा बचावही सहजी मिळता कामा नये: जे विचारायला हवे होते ते विचारले नाही, तर ते माहीत होते असेच कायद्याने धरावे. पॅरिसच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या टपाल कंपनीच्या बाबतीत या दिशेने पहिले पाऊल टाकले. कंपनीने धोक्यांचा नकाशा दिला होता. तो इतका ढोबळ आहे की त्यावरून कुठे काय करायचे हे ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने तो नव्याने करायला लावला. गुळमुळीत लिहिणे हाच सुरक्षित मार्ग आहे, असे आपल्या पक्षकारांना सांगणाऱ्या वकिलांना आता तो सल्ला देताना हा निकाल समोर ठेवावा लागेल.